हिरालालचे पडेल पिक्चर आणि मी लावलेला जोड

माझ्या नातीनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला अन् म्हणाली, "दादा, तुमच्या हिरालालबद्दल आलंय." पुण्याकडच्या कोण्या शिकलेल्या माणसानं भुताचे पिक्चर काढणाऱ्या दिग्दर्शकांवर लिहिलं होतं. हिरालालचे तीन चांगले पिक्चर लोकांच्या नजरेतून सुटले, असं त्याचं म्हणणं. इथपर्यंत बरोबर. पुढं 'सफेद ढेर'बद्दल लिहिलं होतं की दोन तास इतक्या संयमानं सांगितलेली गोष्ट, आणि शेवटच्या चार मिनिटांत कापसाच्या ढिगातून रबरी तोंडाची चेटकीण बाहेर काढून दिग्दर्शकानं बाजारापुढं मान तुकवली.

मी मोबाइल खाली ठेवला. "काय झालं?" नात म्हणाली. म्हटलं, काई नाई.

मान हिरालालनं तुकवली नव्हती. ती चेटकीण मी काढली. दिग्रसच्या टॉकीजच्या केबिनमध्ये बसून, सकाळी अकरा वाजता, दाढीच्या ब्लेडनं. या दिवाळी अंकाचे संपादक दोन-तीन वर्षं मागं लागले होते की याकूबभाई, टॉकीजच्या गमतीजमती लिहा. लिहितो बाप्पा. गमती फार नाहीत, त्या आधी उरकून घेतो.

मी एकतीस वर्षं ऑपरेटर होतो. आता ऑपरेटर म्हटलं की पोरांना कॉम्प्युटर दिसतो. आमचं काम आगीचं होतं. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर पेटवायच्या, त्या उजेडात फिल्म पळवायची. पिक्चर अमरावतीहून पत्र्याच्या पेट्यांत, एसटीच्या टपावरून यायचा. एक रीळ दहा मिनिटांचं. मशिनी दोन. एकीवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका चमकतो, तो पाहून दुसरी चालू करायची. पब्लिकला बदल कळला की ऑपरेटर कच्चा. फिल्म तुटली तर दोन्ही टोकं सरळ कापा, एका टोकाचा मसाला ब्लेडनं खरवडा, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावा, दाबून धरा. त्या सिमेंटला जास्त पिकलेल्या केळासारखा वास यायचा, माझ्या हाताला तो कायमचा बसला. पण माझा जोड पडद्यावर कधी दिसला नाही. दारव्ह्यापासून पुसदपर्यंत हे सगळे मान्य करत, अन् मला त्याचा माज होता. असायलाच पाहिजे होता.

कापणं हा आमच्याकडं गुन्हा नव्हता, रीत होती. शेवटची बस सुटू नये म्हणून गाणं कापा. मारामारी उशिरा येते, तर ती पुढं घ्या. एखाद्या पिक्चरात दम नाही, तर दुसऱ्या पिक्चरातला तुकडा लावून द्या. मुंबईवाले कुठं पाहायला येणार होते! पिक्चर बनवणारा कोणी माणूस असतो, त्याच्या पोटात काही असतं, हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

भाव पडले तेव्हाची ही वर्षं. कापूस खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागायची ती टॉकीजच्या फाटकापर्यंत. नंबर यायला तीन-तीन, चार-चार दिवस. गाडीजवळ एक जण थांबे, बाकीचे बाराच्या शोला येऊन बसत. पिक्चरपेक्षा सावली अन् पंखा महत्त्वाचा. पण नंबर चुकला तर गेलं सगळं. म्हणून आमच्याकडं एक पद्धत पडली होती, ती दुसरीकडं कुठं असेल असं वाटत नाही. केंद्राचा शिपाई चिठ्ठी आणून द्यायचा, मी काचेच्या पट्टीवर शाईनं लिहायचो अन् चालू पिक्चरवर टाकायचो, 'गाडी नंबर एक्केचाळीस, काट्यावर या.' एकदा हिरालालच्या 'बावडी की दुल्हन'मध्ये चेटकीण हिरोईनच्या मानेत दात रोवते, ऐन त्या वेळी माझी पट्टी तिच्या कपाळावर. राळेगावकडचा एक बुढा उठला, धोतर सावरलं अन् पडद्याकडं पाहून म्हणाला, "थांब वं बाई, कापूस मोजून येतो मी." सगळी टॉकीज हसली. कापूस मोजून तो खरंच परत आला अन् उरलेला पिक्चर पाहिला.

हिरालाल त्या वर्षांत आमचा देव होता. 'बावडी की दुल्हन', 'नागफनी का बंगला' असले पिक्चर आम्ही वर्षातून तीनदा लावायचो. वितरक बुडाला तेव्हा 'बावडी'ची प्रिंट आमच्याकडंच पडून राहिली, मग तर घरचीच झाली. पण याच हिरालालनं मधून मधून वेगळं काहीतरी काढलं. 'खाली बर्थ'मध्ये एक बाई रेल्वेत शेजारच्या रिकाम्या बर्थशी रात्रभर बोलते, अन् सकाळी आपल्याला कळतं की तिचं पोर मागच्या स्टेशनावर राहून गेलंय. 'मौसी का कमरा'त म्हातारी मावशी मरत नाही म्हणून घरातली माणसं तिच्या खोलीच्या दाराला कान लावून बसतात. भूत कुठंच नाही. भेव मात्र असं की मी मशीन चालवत असून मागं वळून पाहायचो.

पब्लिकला ते नको होतं. ढाणकीचा एक बकऱ्यांचा व्यापारी होता, करीमसेठ. हिरालालचं नाव दिसलं की हा बाजार सोडून यायचा. 'मौसी का कमरा' पाहून तो जिना चढून केबिनमध्ये आला. "काहून हो ऑपरेटर, भूत कापून घरी नेलं का?" मी दुसऱ्या दिवशी 'बावडी'तल्या चेटकिणीचा हात कापून मावशीच्या दारातून बाहेर काढला. करीमसेठ परत आला, शिट्ट्या वाजवल्या, खाली पानवाल्याला सांगत बसला की काल मशीन खराब होती. मी आठवडाभर छाती काढून फिरलो.

आता 'सफेद ढेर'.

हा पिक्चर कोणीच घेतला नाही. हिरालाल स्वतः पेट्या घेऊन एसटीनं आला. साठीचा माणूस, केसांना कलप पण मुळं पांढरी, पायात धूळ भरलेले बूट. मला वाटलं होतं काळे कपडे घालून कोणी मांत्रिकासारखा येईल. हा तर शाळामास्तर दिसत होता. केबिनमधल्या स्टुलावर बसला अन् म्हणाला, "याकूबभाई, 'मौसी' में आपका जोड मैंने अमरावती में देखा. अच्छा है. मुझे खुद को पता नहीं चला."

मला जमिनीत जावंसं वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"इसको मत काटना," तो म्हणाला. "आखिरी रील में कुछ है ही नहीं. सिर्फ हाथ हैं. मेरे गाँव में हुआ था, मैंने बचपन में देखा है."

मी म्हटलं, "जबान दिली, साहेब." त्यानं माझा हात धरला, तसाच केळाच्या वासाचा, अन् दुपारच्या गाडीनं पुढं गेला.

गोष्ट अशी होती. जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, गोदामात कापसाचा डोंगराएवढा ढीग. चौकीदाराच्या बायकोला वाटतं, ढिगात कोणी तरी श्वास घेतं. तिचा नवरा चार दिवसांपासून घरी आलेला नाही. मालक म्हणतो, पळाला. शेवटी ती बाई एकटी ढिगासमोर बसते अन् हातानं कापूस बाजूला काढायला लागते. चार मिनिटं नुसते तिचे हात. बाजा नाही, बोलणं नाही. शेवटी कापसात दुसरा हात दिसतो. ती तो आपल्या हातात घेते, अन् पिक्चर संपतो.

आम्ही पिंजारी. माझा बाप गाद्यांची रुई पिंजायचा. कापूस हलका असतो असं ज्यानं तुडवला नाही तो म्हणतो. जिनिंगमध्ये गंजी लावतात, म्हणजे कापसाचा उंच ढीग रचतात, अन् माणसं वर उभी राहून तो तुडवतात. गंजी खचली अन् माणूस आत गेला तर त्याचा आवाजसुद्धा बाहेर येत नाही. हे दिग्रसमध्ये कोणाला सांगावं लागत नाही.

शुक्रवारी जिनिंगला सुट्टी होती. बाराचा शो भरला. मी पुढं कैक वर्षं लोकांना सांगत आलो की त्या दिवशी पब्लिकनं बोंब मारली, खुर्च्या तोडल्या, म्हणून मला कापावं लागलं. साफ खोटं. त्या दिवशी कोणी खोकलं नाही. गाडी नंबरची पट्टी टाकली तर माणसं वाकून, पाय न वाजवता बाहेर गेली. पिक्चर संपल्यावर दिवे लावले तरी लोक बसून होते.

मी मशीन पुसत होतो, तर जिन्यावर नामदेव उभा. नामदेव जिनिंगमध्ये गंजीवर काम करायचा. ओळखीचा.

"याकूबभाई, अस्संच झालतं," तो म्हणाला.

"काय झालतं?"

"देवरावचं. गंजी खचली. आमी आठ जन व्हतो वर. मालक म्हने, आत्ता गंजी उपसली तं माल उघडा पडते, पानी येऊन राह्यलं. सकाळी पाहू म्हने. सकाळी म्हने, अथी कोनी नव्हतंच. आमाले म्हनला, तोंड उघडाल तं काम गेलं समजा."

देवराव हा आमच्याच गल्लीच्या मागचा. दोन वर्षांआधी तो गायब झाला होता. जिनिंगचा मुनीम म्हणाला, बाई घेऊन आदिलाबादकडं पळाला, अन् गावानं मानलं. एक त्याची बायको सुभद्रा मानत नव्हती. ती जिनिंगच्या फाटकावर जाऊन सांगायची, गंजी उपसा. गंजीच्या तोवर गाठी बांधून झाल्या होत्या, ट्रक गेले होते. ढिगात जे काही होतं ते कुठं गेलं, कोण जाणे. बाया तिला दोन्हीकडून धरायच्या. मेला म्हणतेस तर कुंकू कशाला लावतेस, अन् जिवंत आहे म्हणतेस तर शोधत का नाहीस. ती म्हणायची, मले कोणी तरी सांगा, म्या पाह्यला म्हणून. मग पुसते.

नामदेव म्हणाला, "आयतवारी साऱ्याइले घेऊन येतो. बाकीच्या सातही जनाले. सुभद्रावहिनीलेही. पिक्चर पाह्यला की त्याइचीबी जीभ सुटन. तथूनच ठाण्यात जातो. एकट्याच्यानं नाई होत, भाऊ. सारे संग असले तं होते."

मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? वाटलं, आपल्या मशिनीतून काहीतरी मोठं निघालं. अन् मला गप्प राहवलं नाही, हा माझा रोग. शनिवारी सकाळी टॉकीजच्या शेठसोबत चहा पिताना मी सगळं सांगून टाकलं, वर फुशारकीनं. "शेठ, आपल्या पिक्चरनं नामदेवची जीभ सुटली." जिनिंगवाला अन् आमचा शेठ व्याही होते, हे मला ठाऊक नव्हतं का? अख्ख्या दिग्रसला ठाऊक होतं. त्यांच्या पोरांच्या लग्नात मी जेवलो होतो. पण सांगताना ते डोक्यात आलंच नाही.

शेठ चहा ढवळत राहिला. मग म्हणाला, "याकूब, आखिर में भूत लगा दे."

"मी जबान दिली आहे शेठ. अन् काल पब्लिक चूपचाप बसलं होतं."

"चूपचाप बसलं होतं, तोच लफडा ना." त्यानं माझ्याकडं पाहिलं अन् हसला. "तेरा जोड दिखता नहीं, ऐसा बोलते हैं लोग."

त्यानं मला धमकी दिली नाही. नोकरीवरून काढतो म्हणाला असता तर आज मला एक कारण तरी असतं. त्यानं माझी तारीफ केली, अन् मी केबिनमध्ये जाऊन दार लावलं.

शांत रीळ कापायला सोपं असतं. बोलणं असलं तर आवाज चित्राच्या पुढं चालतो, तो सांधायला घाम फुटतो. इथं आवाजच नव्हता. बाईचा हात कापसात खोल जातो तिथं मी ब्लेड लावलं अन् 'बावडी'तली चेटकीण, पांढऱ्या धुरातून वर येते ती, तिथं बसवली. धूर अन् कापूस, रंग असा मिळाला की वाटावं तिथंच उगवली. मी तो जोड तीनदा लावून पाहिला. माझ्या उभ्या आयुष्यातलं सगळ्यात साफ काम ते.

रविवारी नामदेव बाकीच्या सात जणांना घेऊन आला. सुभद्रा बायांच्या बाजूला पहिल्या बाकावर बसली. ती टॉकीजमध्ये पहिल्यांदाच येत होती, पडद्यासमोर चप्पल काढून बसली. मी केबिनच्या खिडकीतून पाहत होतो. शेवटचं रीळ आलं. पडद्यावरची बाई कापूस काढायला लागली तशी सुभद्रा पुढं सरकली. गंजीवाले एकमेकांना धरून बसले होते. एक जण तर रडत होता, त्याचे खांदे मला वरून दिसत होते.

अन् मग चेटकीण आली.

आधी कोणी तरी दचकून ओरडलं. मग हशा पिकला. शिट्ट्या, टाळ्या, खुर्च्यांवर पाय. गंजीवाले हसले. जो रडत होता तोही डोळे पुसत हसला, सुटल्यासारखा. नामदेव शेवटी हसला, पण हसला. सुभद्रा उभी राहिली. पडद्याकडं पाठ करून तिनं वर, माझ्या खिडकीकडं पाहिलं. मशीनचा उजेड तिच्या डोळ्यांत जात होता, तिला मी दिसत नसेन. मग ती चप्पल हातात घेऊन बाजूच्या दारानं निघून गेली.

ठाण्यात कोणी गेलं नाही. नामदेव मला जिन्याखाली भेटला. "पिक्चरच व्हता म्हना," एवढंच म्हणाला. पुढच्या हंगामात तो तेलंगणात विटांच्या भट्टीवर गेला. गावात सुभद्राला पोट्टे 'गंजीतल्या भुताची बायको' म्हणायला लागले. अन् पिक्चर? पिक्चर धो-धो चालला. दारव्हा, पुसद, उमरखेड, सगळे अमरावतीला सांगत, दिग्रसवाली प्रिंट पाहिजे. त्याच प्रिंटवरून कोणी तरी व्हिडिओ काढला, तोच आता मोबाइलवर फिरतो, अन् पुण्याचे लोक त्यावरून हिरालालला नावं ठेवतात. हिरालालचं एक कार्ड आलं होतं मला. 'सुना है पिक्चर चल रही है. मुबारक.' बस्स. त्यानं पुन्हा तसला पिक्चर काढला नाही. भुतं काढत राहिला अन् मरून गेला.

कापलेला तुकडा मी केबिनमध्ये खिळ्याला अडकवून ठेवला होता. परत लावू, म्हणत होतो. टॉकीज बंद पडून तिथं मंगल कार्यालय झालं तेव्हा काढायला गेलो, तर ओलीनं फिल्मचा गोळा झाला होता, त्याला आंबट वास सुटला होता. एकही चित्र वेगळं निघालं नाही.

तर मोबाइलवरचं ते वाचलं, अन् दोन दिवसांनी आमचा बाजार होता. सुभद्रा आता म्हातारी झाली. बाजारात भाजी घेऊन बसते. मी दर आठवड्याला तिच्याकडूनच भाजी घेतो. का घेतो, ते मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

म्हटलं, "सुभद्राबाई, जरा बोलाचं होतं."

"बोला ना."

मी तिथं उभ्यानं सगळं सांगितलं. नामदेव काय बोलला, मी शेठला काय सांगितलं, जोड कोणी लावला, खऱ्या पिक्चरात त्या बाईला हात सापडतो ते. ती मेथीच्या जुड्या बांधत होती, हात थांबला नाही. मी म्हटलं, "हे सारं आता मी अंकात लिहून राह्यलो."

"लिहा," ती म्हणाली. "नामदेव मले सांगून गेला. भट्टीवरून बिमार होऊन आलता, मराच्या आंधी. तुमाले सांगतलं व्हतं, थेबी सांगतलं त्यानं."

मी विचारलं, "कवा?"

"झाले असतीन धा-अकरा वर्सं."

"मंग तुमी मले काहून नाई बोलल्या?"

"मी कायले बोलू? माह्या एकटीचं कोन आयकते? नामदेव मेला, बाकीचे कुठच्या कुठी गेले. दुसरं तोंड पाह्यजे व्हतं, थे तुमचं व्हतं." तिनं जुडीला गाठ मारली. "तवा जिनिंगवाला जिता व्हता. दर बजाराले तुमी माह्यासमोर येऊन उभे राहा, अन् मी तुमच्या तोंडाकडं पाहो. मले वाटे, आज बोलतीन. तुमी मेथी घ्या अन् जा."

तिनं दोन जुड्या माझ्या पिशवीत टाकल्या अन् माझ्यामागं उभ्या असलेल्या बाईला विचारलं, "तुले काय देऊ वं?"